वाचकांचे प्रश्न : मननासाठी कोणते बायबल घ्यावे?

गेल्या काही आठवड्यांत कोकणपट्टीतील वाचकांकडून एकाच विषयाची अनेक पत्रे आली. रोजच्या वैयक्तिक वाचनासाठी व मननासाठी बायबलचे कोणते आधुनिक भाषांतर निवडावे, असा त्या सर्वांचा आशय आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत.

वेंगुर्ल्याहून एक भगिनी लिहितात : माझे वय सत्तरीपुढे आहे. आमच्या घरात लहानपणापासून एकच जुने मराठी बायबल होते आणि त्यातील अनेक स्तोत्रे मला मुखोद्गत आहेत. आता मुलाने मोबाइलवर एक ॲप घालून दिले आहे आणि त्यात मराठीतीलच पाच-सहा भाषांतरे दिसतात. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत नात शास्त्रपाठ वाचते, तेव्हा जुन्या भाषेत ती अडखळते. आपणही एखादे नवे भाषांतर वापरावे असे मला वाटते, पण शब्द बदलले म्हणजे वचनच बदलले असे तर होत नाही ना, ही भीती मनातून जात नाही. मी कोणते भाषांतर घ्यावे?

उत्तर : आपण जे बायबल आयुष्यभर वाचत आलात त्याच परंपरेतील, बायबल सोसायटी ऑफ इंडियाने सुधारून छापलेली आवृत्ती आपण मुख्य वाचनासाठी ठेवावी, आणि तिच्या शेजारी सर्वसामान्य बोलीतील एक भाषांतर कायम उघडे ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲपमध्ये पहिल्यापुढे ‘आरव्ही’ आणि दुसऱ्यापुढे ‘सीएल’ अशी अक्षरे दिसतील. नातीने मात्र उलट करावे. तिने सोपे भाषांतर हातात धरावे आणि अडलेल्या किंवा विशेष आवडलेल्या ठिकाणी आजीचे बायबल पाहावे.

असे सांगण्यामागचे कारण असे की मननाचे वाचन आणि माहितीसाठीचे वाचन यांत मोठा फरक आहे. माहितीसाठी आपण एखादा अध्याय एकदा वाचून पुढे जातो, परंतु मननात तेच वचन आपण आज वाचतो, पुढच्या महिन्यात वाचतो, आजारपणात वाचतो आणि कोणाच्या तरी निधनानंतर पुन्हा वाचतो, आणि दर वेळी त्याचे शब्द स्मरणातून वर येतात. ज्या शब्दांत आपण तेविसावे स्तोत्र पाठ केले आहे, ते शब्द रात्री झोप न येता पडून राहिल्यावर आपल्यासोबत असतात. ‘मला काही उणे पडणार नाही’ हे वाक्य ज्यांच्या ओठांवर बसले आहे, त्यांनी ते केवळ नवेपणासाठी सोडून देऊ नये. म्हणून मुख्य बायबल एकच असावे आणि ते वारंवार बदलू नये. ॲपमुळे एका बोटाने भाषांतर बदलता येते, ही सोय तुलनेसाठी उत्तम आहे, पण रोजच्या मननात ती अडथळा होते, कारण एकाही आवृत्तीचे शब्द मनात मुरत नाहीत.

आता आपल्या भीतीविषयी. मराठी बायबलचे शब्द बदलणे ही आजची गोष्ट नाही. मिशनरी विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी पंडित यांनी केलेला मराठी नवा करार बंगालमधील श्रीरामपूरहून १८११ मध्ये बाहेर पडला. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२६ मध्ये दुसरा छापला आणि त्यानंतर त्याच्या सुधारणा होतच राहिल्या. पंडिता रमाबाईंना प्रचलित भाषांतर खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना जड जाते असे प्रकर्षाने वाटत होते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे बसून त्यांनी संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे केले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या नातीची अडचण ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखली, त्यांच्या श्रद्धेविषयी कोणी शंका घेणार नाही. मूळ हिब्रू, अरामी आणि ग्रीक पाठ जागच्या जागी आहे. प्रत्येक पिढी तो आपल्या भाषेत आणते, आणि ते आणणे प्रामाणिक आहे की नाही एवढेच आपण पाहायचे असते.

प्रामाणिकपणे काम करणारे भाषांतरकारही दोन निराळ्या वाटांनी जातात, आणि त्या माहीत असल्या की निवड सोपी होते. एक वाट मूळ वाक्याची घडण, प्रतिमा आणि शब्दांचा क्रम शक्य तितका सांभाळते. दुसरी त्या वाक्याचा आशय आजच्या माणसाला पहिल्याच वाचनात कळावा म्हणून वाक्य मोडून नव्याने रचते. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडून ३ ते १४ ही वचने दोन्ही भाषांतरांत मोठ्याने वाचून पाहावीत. ग्रीकमध्ये हे सारे मिळून एकच वाक्य आहे, दोनशेहून अधिक शब्दांचे. पौल स्तुतीला आरंभ करतो आणि त्याला थांबताच येत नाही. निवड, दत्तकपण, खंडणी, क्षमा, वतन आणि पवित्र आत्म्याचा शिक्का असे एकातून एक निघत जाते. सोप्या भाषांतरात ह्याची लहान लहान वाक्ये होतात. प्रत्येक गोष्ट स्वच्छ कळते, पण श्वास न घेता चाललेली ती स्तुती ऐकू येत नाही. जुन्या घडणीच्या भाषांतरात ती ऐकू येते, मात्र कोणते क्रियापद कोणाचे हे शोधत दोनदा मागे जावे लागते. नातीने आधी सोपे वाचून मग आपले ऐकले, तर तिला दोन्ही मिळेल.

दुसरी जागा आपल्या किनाऱ्यावरील माणसांना मी नेहमी सुचवतो. एकशे सातव्या स्तोत्रात २३ ते ३० ही वचने जहाजांतून समुद्रावर व्यवहारासाठी जाणाऱ्यांविषयी आहेत. परमेश्वर आज्ञा करतो, तुफान उठते, लाटा उंच चढतात. माणसे आकाशापर्यंत वर जातात आणि खोल तळाशी उतरतात, भीतीने त्यांचे काळीज पाण्यासारखे होते, मद्यप्यासारखे ती झोकांड्या खातात, त्यांचे सारे शहाणपण संपते. मग ती धावा करतात, लाटा शांत होतात आणि तो त्यांना हव्या त्या बंदराला पोहोचवतो. ज्यांच्या घरातील कोणी उधाणाच्या दिवसांत होडी घेऊन गेलेले आहे, त्यांना हे स्तोत्र समजावून सांगावे लागत नाही. भाषांतर निवडताना हीच वचने वाचून, होडी वर चढून खाली आदळते आहे असे जाणवते का ते पाहावे. ‘त्यांच्यावर मोठे संकट आले आणि ते घाबरले’ एवढाच सारांश हाती येत असेल, तर ते भाषांतर बातमी कळण्यापुरते ठीक आहे, पण स्तोत्रांच्या मननाला ते पुरणार नाही. स्तोत्रे प्रतिमांतून प्रार्थना करतात, आणि खडक, गड, ढाल, पंखांची सावली हे सारे ‘संरक्षण’ या एका शब्दात बसवले की मनाला धरून राहायला काही उरत नाही.

याउलट, रोमकरांस पत्रासारख्या युक्तिवादाच्या ग्रंथात सोपे भाषांतर फार उपकारक ठरते, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे उपासनेत ऐकलेले अध्याय अनेकांना पहिल्यांदा कळतात ते सोप्या भाषांतरातच. ‘ईझी-टू-रीड’ या नावाची जी मराठी आवृत्ती ॲपवर दिसते, तिची मूळ इंग्रजी मालिका बधिर वाचकांसाठी तयार केलेल्या भाषांतरातून वाढलेली आहे. म्हणूनच तिची वाक्ये आखूड आणि शब्दसंग्रह मर्यादित आहे. पहिल्यांदा बायबल हातात घेणाऱ्याला ती अवश्य द्यावी. ‘समकालीन आवृत्ती’ आणि ‘आयआरव्ही’ (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) याही अलीकडच्या आहेत. त्यांपैकी दुसरी मुक्त परवान्याखाली असल्याने अनेक ठिकाणी विनामूल्य मिळते.

छापील प्रत घेताना मोठ्या अक्षराची घ्यावी, आणि तिच्यात जुना करारही आहे ना, हे उघडून पाहावे. काही आधुनिक भाषांतरे नवा करार आणि स्तोत्रे एवढीच स्वतंत्र छापलेली असतात. कोकणातल्या पावसाळ्यात पातळ कागदाला दमटपणा लवकर लागतो, म्हणून प्रत भिंतीला टेकून ठेवू नये आणि ऊन पडेल त्या दिवशी पाने मोकळी करावीत. दिवे गेलेल्या संध्याकाळी ॲपपेक्षा तीच हाताशी येईल.

हर्णैहून एक वाचक विचारतात : माझ्या आजोबांच्या बायबलमध्ये मत्तयाच्या सतराव्या अध्यायात प्रार्थना व उपास यांविषयीचे २१ वे वचन आहे. मी घेतलेल्या नव्या बायबलमध्ये २० नंतर एकदम २२ येते आणि ते वचन तळटिपेत ढकललेले आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायाच्या ३७ व्या वचनाचीही तीच गत. नव्या भाषांतरकारांनी वचने गाळली आहेत, असे आमच्याकडे एकाने सांगितले. असे बायबल मननासाठी वापरावे का?

उत्तर : वापरावे, आणि त्या तळटिपेसह वापरावे. कोणी काही लपवले असते तर क्रमांकाची मोकळी जागा आणि खालची टीप दोन्ही ठेवली नसती.

हे असे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे. छापखान्याच्या आधी नवा करार हाताने नकलून घेतला जात असे. डच विद्वान इरॅस्मस यांनी १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या हाताशी मोजक्याच हस्तप्रती होत्या आणि त्यांतील बहुतेक बाराव्या शतकाच्या आसपासच्या किंवा नंतरच्या होत्या. त्याच पाठाच्या पुढील आवृत्तींवरून युरोपातील जुनी भाषांतरे झाली. १६११ चे इंग्रजी किंग जेम्स भाषांतरही त्यांतलेच. वचनांना आज आपण वापरतो ते क्रमांक रॉबेर एत्येन या मुद्रकाने १५५१ मध्ये त्याच पाठावर घातले. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वान टिशेनडॉर्फ यांना सीनाय पर्वताजवळील मठात चौथ्या शतकातील हस्तप्रत मिळाली, आणि व्हॅटिकनमधील तितक्याच जुन्या प्रतीचाही नीट अभ्यास झाला. मत्तय १७:२१ आणि प्रेषित ८:३७ ही दोन्ही वचने या प्रतींत नाहीत. जुन्या प्रतींत नसलेला मजकूर आधुनिक संपादकांनी टिपेत नेला, परंतु क्रमांक मात्र १५५१ चेच राहिले. आपल्याला दिसलेली मोकळी जागा ती हीच.

मत्तयातील ते वचन मार्काच्या नवव्या अध्यायातील २९ व्या वचनाशी मिळतेजुळते आहे. तोच प्रसंग दोन्ही शुभवर्तमानांत आहे, आणि एका शुभवर्तमानातले पाठ असलेले वाक्य नकलणाऱ्याच्या हातून दुसऱ्यात उतरणे अगदी स्वाभाविक होते. तेव्हा प्रार्थनेविषयीची प्रभूची शिकवण नव्या बायबलमधून गेलेली नाही. ती मार्कात मुख्य मजकुरातच वाचायला मिळते. तेथे ‘उपास’ हा शब्द कोठे कंसात तर कोठे टिपेत असतो, आणि त्याचेही कारण हस्तप्रतींतील फरक हेच आहे. प्रेषितांतील वचनात कूशी षंढाने बाप्तिस्म्यापूर्वी केलेली विश्वासाची कबुली आहे. दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियस यांना ती ठाऊक होती, म्हणजे मंडळीत ती कबुली फार पूर्वीपासून म्हटली जात होती. टिपेतले ते वचन मननात घ्यायला कोणतीही हरकत नाही. मार्काचा शेवट, म्हणजे १६:९ ते २०, आणि योहानाच्या आठव्या अध्यायातील व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची हकिकत यांच्यापुढेही आपल्याला अशाच खुणा आढळतील.

जुन्या कराराच्या बाबतीत तर उलट दिलासा आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत १९४७ मध्ये सापडलेली यशयाची गुंडाळी तोवर वापरात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. शुद्धलेखनाचे आणि किरकोळ शब्दांचे फरक बाजूला ठेवले तर पाठ मोठ्या प्रमाणावर तोच होता. आपण ज्या परिसरात राहता, तेथे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटास येऊन राहिले तेव्हा यांतले काहीच उजेडात आले नव्हते. आपल्या आजोबांचे बायबल त्या काळाच्या ज्ञानाशी प्रामाणिक होते आणि आपले नवे बायबल आजच्या ज्ञानाशी प्रामाणिक आहे. मी आपल्या जागी असतो तर तळटिपा नसलेली आवृत्ती मननासाठीसुद्धा घेतली नसती.

वसईहून एक कॅथलिक वाचक लिहितात : मला भेट मिळालेल्या मराठी बायबलमध्ये मक्काबींचे ग्रंथ नाहीत, आणि मिस्साच्या पुस्तिकेत दिलेल्या स्तोत्राचा क्रमांकही काही जुन्या प्रार्थना-पुस्तकांशी जुळत नाही. हे बायबल मी वापरू शकतो का, की दुसरे घ्यावे?

उत्तर : वाचनाला हरकत नाही, पण मुख्य बायबल म्हणून आपल्या धर्मसभेची मान्यता असलेली पूर्ण प्रत घ्यावी, हे बरे. प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये ६६ ग्रंथ असतात आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबित, युदिथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूक आणि मक्काबींचे दोन ग्रंथ हे ते सात. शिवाय एस्तेर आणि दानिएल यांत काही अधिक भाग आहे. मिस्सामध्ये ह्यांतील वाचने येतात. दफनविधीला ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातील ‘नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत’ हा भाग आपण ऐकला असेल. तो घरी येऊन पुन्हा वाचावासा वाटला आणि आपल्या प्रतीत सापडलाच नाही, तर मननाचा धागा तेथेच तुटतो.

स्तोत्रांच्या क्रमांकाचे कारण साधे आहे. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत नववे व दहावे स्तोत्र एक धरतात, त्यामुळे तेथून पुढे बरेच अंतर एकेक क्रमांक मागे पडतो आणि मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र जुन्या कॅथलिक पुस्तकांत बाविसावे दिसते. आधुनिक आवृत्त्या बहुधा हिब्रू क्रमांक देतात.

आपल्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे, आणि आजच्या मराठी गद्याचे कान असलेल्या माणसाच्या हातून ते उतरले आहे हे कोणतेही पान उघडले तरी जाणवते. बायबल केवळ ‘चर्चची भाषा’ बोलते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते अवश्य वाचावे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच मूळ भाषांवरून भाषांतरे व्हावीत आणि ती इतर ख्रिस्ती बंधूंच्या सहकार्यानेही होऊ शकतात, असे सांगितलेले आहे. तेव्हा भेट मिळालेली प्रत अपवित्र मानून कपाटात बंद करण्याचे काही कारण नाही. कोणती प्रत मान्यताप्राप्त आहे हे सुरुवातीच्या पानांवर छापलेले असते. ते न दिसल्यास आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना दाखवावे.

रत्नागिरीहून एक तरुण विचारतात : माझे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले. मराठी वाचतो, पण सावकाश. सकाळी कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास मी बायबल वाचतो. इंग्रजी भाषांतरांत मित्रांपैकी कोणी एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) सांगतो, कोणी ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन), आणि एकाने ‘द मेसेज’ भेट दिले आहे. कोणते धरावे?

उत्तर : पहिला प्रश्न भाषेचा आहे, आणि त्याची कसोटी माझ्या मते ही की आपण संकटात कोणत्या भाषेत प्रार्थना करता. आईच्या आजारपणात तोंडातून मराठी प्रार्थना निघत असेल, तर वाचन सावकाश झाले तरी मराठीतच करावे. सावकाशपणा मननाला मारक नाही, उलट अर्ध्या तासात एक स्तोत्र नीट झाले तरी पुष्कळ झाले. प्रार्थना इंग्रजीत होत असेल तर नि:संकोच इंग्रजी घ्यावे.

इंग्रजीत घ्यायचे तर २००१ चे ईएसव्ही मूळ वाक्यरचनेच्या अधिक जवळ राहते. १९७८ मध्ये पूर्ण झालेले व २०११ मध्ये सुधारलेले एनआयव्ही मधल्या वाटेने जाते आणि वाचायला सुकर आहे. दोन्ही विद्वानांच्या समित्यांनी मूळ भाषांवरून केलेली आहेत, आणि मी स्वतः आपल्यासाठी एनआयव्ही निवडेन, कारण कामावर जाण्यापूर्वीच्या वेळात वाक्यांशी झगडावे लागू नये. ‘द मेसेज’ हे यूजीन पीटरसन या एका पाळकाने आपल्या मंडळीतील माणसांना डोळ्यांसमोर ठेवून आजच्या बोली इंग्रजीत केलेले स्वैर रूपांतर आहे. ते मूळ भाषांवरून केलेले असले तरी त्यात शब्दाशब्दाला पीटरसन यांचा स्वतःचा अर्थबोध मिसळलेला आहे. फार ओळखीचा झालेला एखादा अध्याय, समजा डोंगरावरील प्रवचन, त्यात वाचून पाहिला तर तो पुन्हा नव्याने अंगावर येतो, आणि त्यासाठी ते भेट दिलेले पुस्तक जपून ठेवावे. पण एखाद्या वचनावर निर्णय उभा करायचा असेल, कोणाला ते वचन दाखवायचे असेल किंवा पाठ करायचे असेल, तर एनआयव्हीकडे यावे.

सुरुवात करताना कोणतेही एक शुभवर्तमान घ्यावे आणि ते त्याच आवृत्तीत शेवटपर्यंत न्यावे. मार्क सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांचे. ते पूर्ण झाल्यावर मात्र मराठीत एकदा मोठ्याने वाचावे, घरातील थोरांना ऐकू जाईल असे. ज्या शब्दांत त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना केली, त्यांतले पुष्कळसे तेथे भेटतील, आणि त्यानंतर मराठी मुख्य ठेवायची की इंग्रजी, हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.